धागा: शॉकअप कडक लागतो म्हणून सैल करताय? आधी टेप घ्या

गोदाकाठ

गाडी हीरो एक्सपल्स २०० ४व्ही, स्टँडर्ड, प्रो नाही. माझं वजन जॅकेट-हेल्मेट-बुटांसकट ८२ किलो. निम्मा वेळ एकटा, निम्मा वेळ डबलसीट. मागे टॉपबॉक्स. रोजचा रस्ता नाशिकमध्ये सिडको ते सातपूर, सुट्टीला त्र्यंबक-जव्हार किंवा गिरणारे-वाघेरा-हरसूल.

मागून स्पीडब्रेकरवर लाथ बसते. तुटक्या डांबरावर पाठोपाठ खड्डे आले की गाडी लाकडासारखी कडक होते. पुढून ब्रेक दाबला की, विशेषतः कसारा घाट उतरताना, तोंड एकदम खाली जातं. गॅरेजवाल्याने मागच्या शॉकअपची स्प्रिंग दाबणारी रिंग सगळ्यात मऊ खाचेवर आणून दिली, त्याने लाथ वाढलीच. पुढे फिरवायला काही नाही. शॉकअप बदलावा लागेल, की सेटिंगने काम होईल?

---

सातपूरचा_फिटर

बदलू नका. रिंगलाही अजून हात लावू नका. ही यादी आधी संपवा, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

टायरची हवा. गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने. पंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय पस्तीस भरतो. स्टिकरवर आहे तेवढीच भरा, एकट्याची आणि डबलसीटची वेगळी असते. टायर दगड झाला असेल तर शॉकअप कितीही चांगला असो, बारीक खडी हँडलपर्यंत येणारच.

चेन. लोक ही पाहतच नाहीत. स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा हात) खाली-वर होताना चेनचा ताण बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताठ असते. स्टँडवर बघून चेन नीट ओढलेली वाटते, पण दोघं बसले की ती तारेसारखी ताणली जाते आणि मागचं चाक वर यायलाच देत नाही. लाथ तिथून बसते. शिवाय गिअरबॉक्सच्या पुढच्या स्प्रॉकेटचं बेअरिंग खराब होतं ते वेगळंच. गाडीवर माणसं बसवून चेन हलवून पाहा, थोडी तरी ढिली राहिली पाहिजे.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. पुढचं चाक अधांतरी धरून फोर्कची (पुढच्या शॉकअपच्या दोन पायांची) खालची टोकं मागे-पुढे हलवा. टकटक आली तर कोनसेट ढिला. हँडल मधोमध खाच पडल्यासारखं अडकत असेल तर बदलायचा.

स्विंग आर्म. मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ असेल तर बुश गेले. खेळ नसेल पण बोल्ट वर्षानुवर्षं निघाला नसेल, तर आत ग्रीस नाही, गंज आहे. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचा फवारा थेट बुशवर मारला की ग्रीस निघून जातं. ज्या गाड्यांना लिंकेज (शॉकअप आणि स्विंग आर्ममधले जोडदांडे) आहे तिथे हे दुप्पट लागू. पावसाळा संपला की एकदा बोल्ट बाहेर काढून वॉटरप्रूफ ग्रीस मारायचं, मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करायचं.

---

स्प्रिंगवाली

वरचं झाल्यावर मापं. तीन माणसं लागतात: एक बसायला, एक हँडल धरून गाडी सरळ ठेवायला, एक टेप घेऊन.

मागे: एक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या पॅनलवर किंवा कॅरिअरवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रेघ मारा. दर वेळी एक्सलच्या मध्यापासून त्या रेघेपर्यंतच मोजायचं.

पहिलं माप: चाक पूर्ण लोंबतं. तुमच्या गाडीला मेन स्टँड नाही, म्हणून साईड स्टँडवर तिरकी करून दोघांनी मागचं चाक उचला.

दुसरं: गाडी दोन्ही चाकांवर सरळ, वर कोणी नाही. पहिल्यातून हे वजा केलं की गाडीचा स्वतःचा सॅग, म्हणजे ती आपल्याच वजनाने किती बसते, ते मिळतं.

तिसरं: तुम्ही पूर्ण कपड्यांत, पाय फूटरेस्टवर, नेहमी बसता तसे. इथे दोन वाचनं घ्यायची. आधी मागून गाडी दाबून हळू सोडायची, ती जिथे थांबेल ते एक. मग उचलून हळू खाली सोडायची, ते दुसरं. दोन्ही कधीच सारखी येत नाहीत, कारण सील आणि बुशचं घर्षण गाडीला मध्येच धरून ठेवतं. त्यांची सरासरी पहिल्या मापातून वजा करा, हा स्वाराचा सॅग. त्या दोन वाचनांतला फरकही लिहून ठेवा, तो घर्षण किती आहे ते सांगतो.

पुढे मोजणं सोपं. फोर्कच्या चकचकीत पाईपवर पातळ केबल टाय सैलसर बांधा आणि डस्ट सीलला टेकवा. तुम्ही बसून अलगद उतरलात की टाय वर सरकलेला असतो. मग चाक लोंबतं करून सीलपासून टायपर्यंतचं अंतर मोजा. पण घर्षण कळायला इथेही दाबून-उचलून दोन वाचनं घ्याच.

रस्त्यावरच्या गाडीला स्वाराचा सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जास्तीत जास्त जेवढं हलतं त्याच्या) २५ ते ३३ टक्के. तुमच्या गाडीला पुढे १९० मिमी, मागे १७०. म्हणजे पुढे ४८ ते ६३, मागे ४३ ते ५६. आकडे आल्याशिवाय यावर कोणी काही सांगितलं तर तो अंदाज समजा.

---

गोदाकाठ

घेतली मापं. हवा स्टिकरप्रमाणे केली (मागे खरंच सात पीएसआय जास्त होती).

मागे, रिंग सगळ्यात मऊ खाचेवर (सगळं मिमीत):
लोंबतं ५९८
गाडी एकटी ५७४
मी बसून: दाबून ५२५, उचलून ५३३
डबलसीट, मागे ५० किलोची व्यक्ती, बॉक्स रिकामा: सरासरी ४९०

पुढे मी बसून सॅग ६६, पण दोन वाचनांत २२ मिमीचा फरक.

---

स्प्रिंगवाली

हे बघा काय होतंय.

तुम्ही बसल्यावर सरासरी ५२९, म्हणजे ६९ मिमी बसते, १७० च्या ४१ टक्के. डबलसीट १०८ मिमी, ६३ टक्के. रस्ता सुरू होण्याआधीच दोन तृतीयांशाच्या जवळ ट्रॅव्हल खर्च झाला, खड्ड्यासाठी उरले ६२ मिमी. स्पीडब्रेकरवर शॉकअप तळाला जाऊन रबरी बफरवर आदळतोय. ती लाथ कडकपणाची नाही, मऊपणाची आहे. म्हणून रिंग आणखी मऊ केल्यावर वाढली.

प्रीलोडबद्दल, म्हणजे रिंगने स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याबद्दल, एक गैरसमज गॅरेजपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे आहे. रिंग घट्ट केल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा दर, म्हणजे एक मिमी दबायला किती जोर लागतो, तो तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर ठरलेला असतो. रिंगने फक्त गाडी ट्रॅव्हलच्या कोणत्या जागेवर उभी राहते ते बदलतं. तुम्हाला आता तीच जागा बदलायची आहे.

रिंग एकेक खाच वाढवत प्रत्येक वेळी मोजा. एका खाचेने चाकाशी किती फरक पडतो हे गाडीगणिक वेगळं. स्विंग आर्ममुळे शॉकअपच्या एक मिमीला चाकाशी दोन-अडीच मिमी हलतं, त्यामुळे रिंगवर थोडंसं फिरवलेलंही खाली बरंच दिसतं. लक्ष्य ५५ च्या आसपास ठेवा, ५० नको. कारण गाडीचा स्वतःचा सॅग सध्या २४ आहे आणि तुम्ही जेवढं उचलाल तेवढंच तोही कमी होईल. ६९ चे ५० केलेत तर हा ५ वर येईल, म्हणजे मोकळी गाडी जवळजवळ पूर्ण ताणून उभी. असं असलं की खड्ड्यात चाक खाली जायला जागा उरत नाही आणि उंचवट्यानंतर मागून ठक असा आवाज येतो, शॉकअप वरच्या टोकाला आदळतो. तुमच्या प्रकारच्या गाडीला स्वतःचा सॅग १० च्या खाली जाऊ देऊ नका.

यातूनच स्प्रिंग योग्य आहे का तेही कळतं. स्वाराचा सॅग बरोबर आणला आणि गाडीचा स्वतःचा उरलाच नाही, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. उलट स्वाराचा बरोबर असताना गाडी एकटीच खूप बसत असेल तर स्प्रिंग कडक आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. कागदावर दोन वेगवेगळ्या स्प्रिंगा काढून पाहा, पटेल.

घर्षण: मागे ८ मिमी फरक जास्त आहे, ३-४ च्या आत हवा. पुढे १५ पर्यंत चालतो, २२ नाही. फिटरदादा, हे तुमच्याकडे.

---

सातपूरचा_फिटर

मागे स्विंग आर्मचा बोल्ट काढा, माझी पैज ग्रीसवर.

पुढे २२ म्हणजे बहुतेक चाक बसवताना फोर्क वाकडे आवळले गेलेत. पंक्चरवाल्याने एक्सल घातला, पिंच बोल्ट (फोर्कचा पाय एक्सलवर आवळणारा) मारला, झालं. दोन पाय समांतर नसले की पाईप बुशमध्ये तिरका घासतो. उपाय फुकट आहे: एक्सलचा नट घट्ट, पण पिंच बोल्ट ढिला. गाडी जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबून हँडल आठ-दहा वेळा जोरात खाली दाबा. फोर्कचा पाय एक्सलवर स्वतःहून आपल्या जागी सरकतो. मग पिंच बोल्ट टॉर्कला. मडगार्डचे आणि ब्रेसचे बोल्टही त्याच वेळी ढिले करून पुन्हा आवळा, वाकलेलं मडगार्डही फोर्क ओढून धरतं.

एवढं करून फरक तसाच राहिला तर पाईप वाकलाय का बघायचा. पाईप बाहेर काढून व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावून फिरवायचा. अंबड-सातपूर एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे पाच मिनिटांचं काम.

रिंगबद्दल: सी-पानाच वापरा. छन्नी-हातोड्याने रिंगच्या खाचा मोडलेल्या गाड्या रोज येतात, मग ना घट्ट होते ना सैल. आधी रिंग आणि बॉडीवरची माती ब्रशने काढा, वंगण फवारा, दहा मिनिटं थांबा, मग फिरवा. मातीत फिरवली तर ॲल्युमिनियम खरवडतं. दोन शॉकअप असलेल्या गाडीत, स्प्लेंडर असो की क्लासिक, दोन्ही बाजू एकाच खाचेवर. एक तिसऱ्यावर आणि एक दुसऱ्यावर ठेवलेल्या गाड्याही येतात, मालकाला पत्ता नसतो.

---

द्वारका_सर्कल

पुढे तोंड खाली जातं त्याला सोपा उपाय. फोर्कमध्ये २०डब्ल्यू५० इंजिन ऑइल टाका. गाडी टणक.

---

स्प्रिंगवाली

टणक होईल, पण चांगली होणार नाही.

स्वस्त टेलिस्कोपिक फोर्कमध्ये आत एक दांडा असतो, त्याला भोकं. ऑइल त्या भोकांतून जातं, तोच डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला लगाम. भोकातून जाणाऱ्या ऑइलचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. म्हणून असा फोर्क हळू हालचालीत, म्हणजे ब्रेक दाबताना, ढिला असतो आणि खड्ड्याची धारदार कड लागली की एकदम दगड. घट्ट ऑइल टाकलं की दोन्ही वाढतं, पण तुम्हाला हवं होतं पहिलं, मिळतं मुख्यतः दुसरं.

साधारण १० ग्रेडच्या फोर्क ऑइलचा घट्टपणा ४० अंशाला ३० ते ४५ सेंटीस्टोक्स. २०डब्ल्यू५० इंजिन ऑइलचा १६०-१७०. चौपट. शिवाय इंजिन ऑइल फेस न येण्यासाठी फोर्कसारखं बनवलेलं नसतं, फेस आला की घाटात अर्ध्या वाटेवर डॅम्पिंग गायब. रिबाउंडही, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येणं, इतका मंद होतो की फोर्क एका खड्ड्यातून वर यायच्या आत दुसरा येतो.

फोर्क ऑइलच्या डब्यावरच्या १०डब्ल्यू या आकड्यावरही फार विसंबू नका. एका कंपनीचं १० दुसऱ्याच्या ७.५ एवढं पातळ असू शकतं. डब्यावर किंवा माहितीपत्रकात ४० अंशाचा सेंटीस्टोक्स आकडा असतो, तुलना त्याची करा. दोन ग्रेड एकत्र करायचेच असतील तर एकाच कंपनीचे.

---

निफाडी_गारठा

याला जोड. थंडीत ऑइल घट्ट होतं. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी असतो, पहिले काही किलोमीटर कुठलाही फोर्क लाकडासारखा लागतो. त्या वेळी सेटिंग केलं तर दुपारी गाडी झुलते. चाचणी दुपारी घ्या, किंवा १० किमी चालवून झाल्यावर.

---

सातपूरचा_फिटर

पुढे तोंड खाली जाण्याचा खरा इलाज क्रमाने: जुनं ऑइल काढा, लेव्हल बरोबर करा, मग गरज पडली तर स्पेसर (स्प्रिंगवर ठेवायची नळी). ग्रेड शेवटी, तोही एकच पायरी.

१. पुढचं चाक अधांतरी. इंजिनखालच्या सम्प गार्डखाली जॅक आणि लाकडी ठोकळा, दोरीने हँडल वर बांधलेलं.
२. फोर्कचं वरचं टोपण आवळलेलं असतं. ते ढिलं करायच्या आधी वरच्या टी-प्लेटचा (दोन्ही फोर्क धरणारी पट्टी) पिंच बोल्ट ढिला करा, नाहीतर टोपण फिरत नाही आणि षटकोन गोल होतो. टोपणाची पहिली पकड फोर्क गाडीत असतानाच सोडवा, मग फोर्क बाहेर काढा; आधी काढला तर धरायला काही नसतं.
३. टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली आहे. शेवटच्या आट्यांना तोंड बाजूला, वरून कापडासकट तळहाताचा दाब. चष्मा घाला.
४. स्पेसर, वॉशर, स्प्रिंग ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ओळीत मांडा. स्प्रिंगचे जवळचे वेढे वर होते की खाली, फोटो काढा.
५. नळी उलटी करून ऑइल ओता, पाईप खालीवर दहा-बारा वेळा पंप करा. काळं-राखाडी, चमकणारं ऑइल निघालं तर बुश झिजलेत. नव्या गाड्यांना खाली ड्रेन बोल्ट नसतो, म्हणून उलटं करावंच लागतं.
६. मॅन्युअलमधलं माप भरा, पुन्हा दहा वेळा पंप करा, दहा मिनिटं उभं ठेवा. बुडबुडे वर येऊ द्या.
७. आता लेव्हल. स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण खाली दाबलेला, नळी उभी. वरच्या काठापासून ऑइलच्या पृष्ठभागापर्यंत पट्टीने मोजा. जास्तीचं मोठ्या सिरिंजला नळी लावून ओढा.
८. दोन्ही पाय एकसारखे. मिलीने नाही, लेव्हलने जुळवा, कारण आत थोडं ऑइल चिकटून राहतं आणि दोन्हींत वेगळं.

लेव्हलचा उपयोग: वर अडकलेली हवा ही दुसरी स्प्रिंग आहे. ऑइल वाढवलं की हवेची जागा कमी, दाब लवकर चढतो, पण परिणाम मुख्यतः ट्रॅव्हलच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. सुरुवातीच्या भागात गाडी तशीच राहते. म्हणजे ब्रेकला तळाला आदळणं थांबवायचं असेल तर ही चावी. ३३ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत १० मिली घातले तर लेव्हल सुमारे १२ मिमी वर येते. एका वेळी ५ मिमी. जास्त हाव केली तर सील फुटतं.

स्पेसर: पुढे सॅग ६६ आहे, घर्षण सुटल्यावर पुन्हा मोजा. समजा तेवढाच राहिला. ८ मिमी लांब स्पेसर घातला की सॅग ५८. इथे लिव्हर नसल्याने एकास एक. पीव्हीसीच्या जाड नळीचा चालतो, टोकं लेथवर काटकोनात कापलेली हवीत. तिरका कापलेला स्पेसर स्प्रिंग वाकवतो. १५ मिमीच्या पुढे जायचं नाही, वेढे एकमेकांना भिडतील आणि टोपण बसवताना आटे जातील.

आणि ब्रेकला थोडं खाली जाणं हे बिघाड नाही. तोंड खाली गेलं की हँडलचा कोन उभा होतो, वळण घ्यायला गाडी हलकी होते. शून्य डाइव्ह मागू नका.

---

वाघेरा_वळण

रिबाउंडच्या (परत वर येण्याचा वेग आवरणाऱ्या) स्क्रूवाल्या गाड्यांसाठी इथेच लिहितो, केटीएम ३९० ॲडव्हेंचरचा ॲडजस्टेबल मॉडेल आणि एक्सपल्स प्रोवाले बरेच विचारतात.

सुरुवात सॅगनेच, मग स्क्रू. स्क्रू घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, क्लिक मोजत. हा आकडा लिहा. बंद करताना जोर लावलात तर आतली सुई जागेवर रुतते आणि मग एकही क्लिक खरा राहत नाही. मोजणी नेहमी बंद स्थितीपासून उलटी. 'दहा क्लिक बाहेर' असं म्हणतात त्याचा अर्थ हाच. आधी कंपनीच्या मॅन्युअलच्या आकड्यावर आणा.

आधी रिबाउंड. गाडी उभी, मागची सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदाच थांबली पाहिजे. वर उसळून पुन्हा खाली गेली तर रिबाउंड कमी. आळसावल्यासारखी वर आली तर जास्त. दोन क्लिक बदला, परत दाबा. पुढे तेच, ब्रेक धरून. हे फक्त ढोबळ सेटिंग, खरं रस्त्यावर.

आता गोदाकाठ यांची दुसरी तक्रार, पाठोपाठ खड्ड्यांत गाडी कडक होणं. रिबाउंड फार घट्ट असेल तर हेच होतं. पहिला खड्डा गेला, शॉकअप अर्धाच वर आला, दुसरा आला, आणखी खाली, तिसऱ्याला ट्रॅव्हल संपलेला. स्वाराला वाटतं कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) कडक आहे, म्हणून तो कॉम्प्रेशन सैल करतो आणि गाडी आणखी खाली बसते. ओळखायचं कसं: एकटा खड्डा मऊ लागतो पण ओळीने आले की कडक, तर रिबाउंड उघडा. एकटाच खड्डा, छोटा असला तरी, टोचतो तर कॉम्प्रेशन, हवा किंवा घर्षण. तुमच्या गाडीत रिबाउंडचा स्क्रू नाही, पण सॅग ४१ टक्के असल्याने परिणाम तोच, ट्रॅव्हल आधीच संपलेला.

कॉम्प्रेशन शेवटी. सगळ्यात खराब तुकड्यावर केबल टाय टोकापासून १०-१५ मिमी अलीकडे थांबला पाहिजे. रोजच्या रस्त्यावर ५० मिमी उरत असेल तर तुम्ही विकत घेतलेला ट्रॅव्हल वापरतच नाही. एक खबरदारी: टोक नेमकं कुठे आहे ते स्प्रिंग बाहेर काढलेली असताना पाईप दाबून एकदा खूण करून घ्या, नाहीतर नुसत्या अंदाजावर चालता.

चाचणीला रस्ता एकच, ५-६ किमीचा. त्यात एक उंच स्पीडब्रेकर, एक लांब वळण, एक तुटका पट्टा. गिरणाऱ्याच्या पुढे हे तिन्ही मिळतात. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातले रस्ते आज एक, उद्या दुसरे, तिथे तुलना होत नाही. एका फेरीला एकच गोष्ट बदला, दोन क्लिक, आणि लगेच वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की सुधारलं कशाने ते कधीच कळत नाही.

---

अर्धाचहा

ॲक्टिव्हाला यातलं काय लागू?

---

सातपूरचा_फिटर

६जी असेल तर मागे तीन खाचा आहेत, डबलसीटला एक वाढवा. हवा बरोबर ठेवा. बाकी काही नाही.

---

गोदाकाठ

अपडेट. स्विंग आर्मचा बोल्ट काढला, आत लाल गंज. ग्रीस मारल्यावर मागचा फरक ८ चा ३ झाला. पिंच बोल्टची युक्ती करून पुढचा २२ चा १२.

मागे पाचव्या खाचेवर: गाडी एकटी १२, मी बसून ५७, डबलसीट ९६. एकट्याने लाथ गेली, ओळीतल्या खड्ड्यांतही बरीच मोकळी वाटते. डबलसीट अजून स्पीडब्रेकरला हलकंसं आदळते. शेवटच्या खाचेवर नेऊ का?

---

स्प्रिंगवाली

५७ म्हणजे ३३ टक्क्यांच्या काठावर, एकट्यासाठी ठेवा.

डबलसीटला दोन-तीन खाचा वाढवा, उतरले की परत आणा. शेवटच्या खाचेवर कायम ठेवलीत तर एकटे असताना गाडी वरच्या टोकाला ठकठकेल आणि मागून उंच झाल्याने हँडल वेगात हलकं-चंचल होईल. उलट, डबलसीट असताना मऊच ठेवली तर मागचं बूड खाली, हँडलचा कोन आडवा, वळणात गाडी बाहेर पडते आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. घाटात वरून येणारा डिपर मारत राहिला तर आधी रिंग तपासा.

टॉपबॉक्सचं गणित वेगळं. बॉक्स मागच्या एक्सलच्याही मागे असतो. गाडीचा व्हीलबेस १४१० मिमी, बॉक्समधल्या सामानाचा मध्य एक्सलच्या २५० मिमी मागे धरा. १० किलो ठेवलेत तर मागच्या चाकावर पावणेबारा किलो येतात आणि पुढच्या चाकावरून पावणेदोन किलो उचलले जातात. म्हणून जड वस्तू टाकीवरच्या बॅगेत किंवा दोन्ही बाजूंच्या खाली, बॉक्समध्ये रेनकोट.

डबलसीट नेहमीचंच असेल तर स्प्रिंग बदलणं हा सरळ मार्ग.

---

द्वारका_सर्कल

बरं, इंजिन ऑइल मागे घेतो. पण स्प्रिंग अंबडला वळवून घेता येईल ना? जाडजूड तारेची?

---

स्प्रिंगवाली

येईल, पण 'जाडजूड' हे माप नाही.

जुनी स्प्रिंग काढून चार मापं घ्या: तारेचा व्यास कॅलिपरने (रंग खरवडून), स्प्रिंगचा बाहेरचा व्यास, मोकळी लांबी, आणि काम करणारे वेढे, म्हणजे दोन्ही टोकांचे चपटे बसलेले वेढे सोडून. बाहेरच्या व्यासातून तारेचा एक व्यास वजा केला की मध्यव्यास.

दर = ७८५०० × तारेच्या व्यासाचा चौथा घात ÷ (८ × मध्यव्यासाचा घन × वेढे). मापं मिमीत, उत्तर न्यूटन प्रति मिमी.

उदाहरणादाखल तार १२, मध्यव्यास ६२, वेढे ७: उत्तर सुमारे १२२. आता तार फक्त १२.५ केली, बाकी तेच: १४४. अर्ध्या मिमीने १८ टक्के कडक. कोणी 'एक नंबर जाड' म्हणून १३ ची वळवली तर दर १६८, जवळजवळ अडतीस टक्के जास्त, गाडी एकट्याला चालवण्यालायक राहणार नाही. तुम्हाला १० ते १५ टक्के पुरेत. ते कधीकधी तार तीच ठेवून वेढे थोडे कमी करूनही मिळतात, पण ७ चे ६ केले की १७ टक्के, म्हणजे जरा जास्तच.

वळवण्याआधी पूर्ण दबलेली लांबी काढा: एकूण वेढे × तार. शॉकअप तळाला गेल्यावर उरणाऱ्या जागेपेक्षा ही कमी हवी, आणि प्रीलोडची जागाही त्यातून जाते. नाहीतर रबरी बफरच्या आधी वेढे भिडतील आणि आदळणं पूर्वीपेक्षा वाईट. तार जाड झाली की आतला व्यासही घटतो, बॉडीवर घासत नाही ना पाहा. कारखान्याला सांगा: क्रोम-सिलिकॉन किंवा क्रोम-व्हॅनेडियम स्प्रिंग स्टील, वळवल्यावर उष्णोपचार, शॉट पीनिंग, आणि शेवटी एकदा पूर्ण दाबून सेट केलेली. हे न केलेली स्प्रिंग काही महिन्यांत बसते.

आणि मर्यादा: स्प्रिंग कडक केली की ती जास्त जोराने परत उसळते, रिबाउंड तेवढाच वाढवावा लागतो. तुमच्या शॉकअपला तो स्क्रू नाही. म्हणूनच १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका म्हणते.

---

सातपूरचा_फिटर

स्प्रिंग काढायला कॉम्प्रेसरच वापरा, दोन माणसांनी दाबून तिसऱ्याने प्लेट काढायची असले प्रकार नकोत, बोटं जातात. शॉकअपची बॉडी उघडायची नाही, गरम करायची नाही, आत दाबाखाली नायट्रोजन असू शकतो. 'गॅस भरून देतो' म्हणणाऱ्याकडे नायट्रोजनचा सिलिंडर आणि रेग्युलेटर दिसला नाही तर परत फिरा. हवेच्या कॉम्प्रेसरने भरलेलं ओलसर असतं आणि दाबही पोचत नाही.

बसवताना खालच्या-वरच्या बुशच्या बोल्टला ग्रीस, आट्यांना नाही. चेन पुन्हा माणसं बसवून तपासा, उंची बदलली म्हणजे तीही बदलली. आणि जुनी स्प्रिंग भंगारात घालू नका. नवी न जमल्यास परत तीच लागेल, गाडी विकताना तर नक्कीच.